बकाय कोंबडी म्हणजे आरआयआर नव्हे!

आपल्याकडे ऱ्होड आयलंड रेड (आरआयआर) ही लाल कोंबडीची जात बऱ्याच जणांना माहितीये, त्यामुळे अमेरिकेच्या बकाय कोंबडीचा फोटो बघितला की लोक लगेच म्हणतात, ही तर आरआयआरच, नुसता तुरा वेगळा. हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि साफ चूक आहे.

बकाय तयार केली ओहायोच्या वॉरन गावातल्या नेटी मेटकाफ या बाईंनी, १८९० च्या दशकात. त्यांनी बफ कोचीन कोंबडा बार्ड प्लायमाउथ रॉकच्या माद्यांवर सोडला, मग त्यात लाल गेम या झुंजीच्या जातीचं रक्त घातलं, आणि तिकडच्या कडक थंडीत तग धरणारी, अंडी-मांस दोन्हीला चालणारी लाल कोंबडी मिळवली. ऱ्होड आयलंडच्या लाल कोंबड्यांबद्दल त्यांना कळलं ते नंतर, तेव्हा काही पक्ष्यांची देवाणघेवाण झाली आणि बहुतेक तिथूनच हा घोळ सुरू झाला असावा. एका बाईची एवढी मेहनत दुसऱ्याच जातीच्या खात्यावर जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

ओळखायचं कसं? बकायचा तुरा बसका, वाटाण्याच्या दाण्यांसारखा, त्यामुळे थंडीत गोठायची भीती कमी. रंग महोगनी, आणि पाठीवरची पिसं बाजूला केली की आत पाटीच्या रंगाचा करडा पट्टा दिसतो, आरआयआरमध्ये तिथे लालच असतं. कोंबडा साधारण ४ किलोचा, छाती-मांड्या भरलेल्या.

नाव ओहायोतल्या बकाय झाडाच्या तपकिरी बीवरून पडलंय.