शरीरातील चरबीचा घरगुती अंदाज

शरीराच्या एकूण वजनात चरबीचा वाटा किती टक्के आहे, याचे टेप, वजनकाटा किंवा चिमटा वापरून घरी काढलेले अनुमान. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी चरबी, हाडे आणि बाकी शरीर वेगवेगळे मोजणारी तपासणी) याहून पुष्कळ भरवशाचा. पण कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीतून त्यासाठी शहर गाठायचे, तर दिवस मोडतो.

नुसते वजन आणि उंची पाहून भागत नाही. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन या दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) एकच, २२.३ होता; चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेली ही तुलना हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे अशा आपल्याकडच्या देहयष्टीला चपखल लागू पडते.

घरच्या साधनांत शिंप्याचा टेप सर्वांत उपयोगी. अमेरिकी नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली बसवलेल्या पद्धतीत पुरुषांची उंची, मान आणि बेंबीपाशी पोटाचा घेर घेतात. स्त्रियांसाठी उंची आणि मानेबरोबर कमरेचा सर्वांत अरुंद घेर आणि त्याला जोडून नितंबांचा घेर. सूत्रात लॉगॅरिथम असल्याने गणकयंत्र लागते. २०१८ सालचे ‘सापेक्ष मेदमान’ हे सूत्र मात्र तोंडी सुटते: उंचीला कमरेच्या घेराने भागायचे, उत्तराला २० ने गुणायचे आणि तो गुणाकार पुरुषांसाठी ६४ मधून, स्त्रियांसाठी ७६ मधून वजा करायचा. १६८ सेंटिमीटर उंची आणि ८४ सेंटिमीटर कंबर असलेल्या पुरुषाची चरबी २४ टक्के येते. दोन्ही मापे इंचांत घेतली तरी उत्तर तेच. सूत्र अमेरिकेतील लोकांच्या मोजमापांवर बेतलेले असल्याने आपल्याकडे ते थोडे कमी-जास्त होणार, हे धरून चालावे.

टेप लावायचा कुठे, यातच बहुतेकांची फसगत होते. करगोटा आहे तिथेच कंबर, असे समजून माप घेतले जाते; पण पोट सुटू लागले की करगोटा मुकाट्याने त्याच्या खाली सरकतो. वरच्याच पुरुषाने तिथे ७८ सेंटिमीटर मोजले, तर चरबी २१ टक्क्यांवर उतरते. या सूत्रासाठी टेप कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेशी, जमिनीला समांतर धरावा आणि श्वास सहज सोडून माप घ्यावे. पोट आत ओढून घेतलेले माप फक्त सदरा शिवणाऱ्याला फसवते.

चरबी दाखवणारे डिजिटल काटे तळपायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून त्याला होणारा अडथळा मोजतात. प्रवाह पाण्यातून सहज जातो, चरबीतून नाही. म्हणून भातलावणीत घाम गाळून आलेल्या माणसाला काटा चरबी जास्त दाखवतो, तर ओल्या पायांनीही आकडा बिघडतो. सकाळी शौचानंतर, पेज घेण्याआधी, कोरड्या पायांनी आणि रोज त्याच वेळी मोजावे. काटा सारवलेल्या खळ्यात न ठेवता सपाट लादीवर ठेवावा. पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा वापरू नये. कातडीची घडी चिमट्याने मोजण्याची पद्धत स्वस्त खरी, पण हात बसलेला नसेल तर दर वेळी वेगळाच आकडा येतो.

विहिरीत जो सहज तरंगतो तो चरबीचा, ही गावाकडची समजूत अगदीच निराधार नाही. पाण्याची घनता १, तर चरबीची ०.९ आणि बाकी शरीराची सुमारे १.१ धरून, पाण्याखाली वजन करून चरबी काढण्याची शास्त्रीय पद्धत आहेच. मात्र त्यात फुप्फुसांतली हवा शक्य तेवढी सोडून पूर्ण बुडावे लागते आणि उरलेल्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. छातीत श्वास भरून घेतला की सडसडीत पोरही तरंगते. समुद्राच्या खाऱ्या, जड पाण्यात तर आणखीच सहज.