पुढची रांग कुणाची? हार्डकोर पंक आणि भिंतीपाशी उभ्या मुली

गेल्या डिसेंबरात बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका तळघरात आम्ही हार्डकोर पंकचा, म्हणजे वेगवान, आरडाओरड्याच्या रॉक संगीताचा गिग (कार्यक्रम) केला. चार बँड, साठ-सत्तर माणसं, दोन अँप्लिफायर आणि उसना आणलेला ड्रमसेट. दुसऱ्या बँडने सुरुवात केली आणि मधली जागा एकदम मोकळी झाली. मुलं गोल पळायला लागली, एकमेकांवर आदळायला लागली. एका अँपची वायर सारखी निसटत होती, ती धरून मी ड्रमशेजारी उभी होते. तिथून समोरची भिंत दिसत होती. भिंतीला टेकून सहा मुली उभ्या होत्या. खांद्यावर, कोपरात, पायांशी मिळून त्यांच्याकडे अकरा बॅगा होत्या. मी मोजल्या. एकीच्या मुठीत तीन मोबाइल होते आणि डोक्यावर सरकवलेला चष्मा आत नाचणाऱ्या कुणाचा तरी होता. प्रत्येक गाण्याचे शब्द तिच्या ओठांवर होते.

नंतर वायरी गुंडाळताना तिला विचारलं, "तू आत का नाही आलीस गं?"

"गेले होते ना ताई, मागच्या वेळी. कुणीतरी हात लावला. एवढ्या गर्दीत कोण ते कळलं पण नाही. मग म्हटलं, बॅगाच सांभाळू."

ती फाइन आर्ट्सला शिकते, दांडिया बाजारात राहते आणि नवरात्राच्या नऊही रात्री गरब्याला जाते. तिथे मला कधी असं वाटत नाही, हेही तीच म्हणाली. कार्यक्रम आमचा होता, त्यामुळे तिचं उत्तर मनातून जात नाही. पुढच्या गिगची तारीख ठरवायच्या आधी हे सगळं कुठून आलं ते एकदा नीट मांडावं, म्हणून हे टिपण.

भिंतीपाशी मित्राचं जॅकेट धरून उभी असलेली मुलगी हार्डकोरइतकीच जुनी आहे. पण ती पंकइतकी जुनी नाही. मला वाटतं, सगळी गोष्ट या फरकात आहे.

पंकच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुली मंचावर होत्या, आणि शोभेला नव्हत्या. लंडनमध्ये 1976 साली 'द स्लिट्स' सुरू झाला तेव्हा त्याची गायिका आरी अप 14 वर्षांची होती. 'एक्स-रे स्पेक्स'ची पॉली स्टायरीन, सोमाली वडिलांची आणि ब्रिटिश आईची मुलगी, दातांना तारा लावलेल्या अवस्थेत गायची. 1977 मध्ये तिने पहिल्याच रेकॉर्डमध्ये मुलींना बांधून ठेवणाऱ्यांना सरळ झिडकारलं. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन कुटुंबातली ॲलिस बॅग 'द बॅग्स'ची गायिका होती, 'द जर्म्स'मध्ये लॉर्ना डूम बेस गिटार वाजवायची, सॅन फ्रान्सिस्कोत 'द ॲव्हेंजर्स'ची पेनेलपी ह्यूस्टन. वाजवता येत नसलं तरी बँड काढा, हा पंकचा मंत्र. ज्यांच्या हाती आजवर कुणी गिटार दिलीच नव्हती, त्यांना या मंत्राचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

मग 1979 ते 1981 या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात गाणी आणखी वेगवान आणि छोटी झाली. मिनिट-दीड मिनिटाचं गाणं, सूर कमी, आरोळी जास्त. हेच हार्डकोर. 'ब्लॅक फ्लॅग' हा त्यातला सर्वांत गाजलेला बँड. हॉलिवूडच्या क्लबांत येणाऱ्या मिश्र गर्दीऐवजी आता समुद्रकाठच्या उपनगरांतली शाळकरी मुलं येऊ लागली, सर्फिंग आणि स्केटबोर्डवर वाढलेली, अंगाने दणकट. नाचही बदलला. जागच्या जागी उड्या मारण्याऐवजी एकमेकांवर आदळणं सुरू झालं. मंचासमोरची मोक्याची जागा ताकदीवर मिळू लागली आणि मुली, समलिंगी तरुण, अंगाने लहान असलेली माणसं कडेला सरकली. कुणी 'मुलींना प्रवेश नाही' असा फलक लावला नव्हता. जमीन कुणाची हे नाचानेच ठरवलं. ॲलिस बॅगने हा बदल स्वतः पाहिला आणि आपल्या आठवणींत तो नोंदवला आहे.

अमेरिकेच्या राजधानीतली, वॉशिंग्टनमधली गोष्ट थोडी वेगळी, आणि बडोद्याच्या माणसाला जवळची वाटावी अशी. तिथल्या क्लबांचा धंदा दारूवर चालायचा, त्यामुळे अल्पवयीन मुलांना आत घेत नसत. 1980 मध्ये 'टीन आयडल्स' हा शाळकरी मुलांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तेव्हा तिथल्या क्लबने त्यांच्या हातांवर फुली मारली: यांना दारू देऊ नका. ती युक्ती मुलांनी घरी नेली आणि सर्व वयांच्यांना खुले कार्यक्रम सुरू झाले. त्याच वर्षी इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी 'डिस्कॉर्ड' ही रेकॉर्ड कंपनी काढली, आणि त्यांच्याच 'मायनर थ्रेट' या बँडच्या 1981 च्या गाण्यावरून दारू-सिगरेट न घेणाऱ्यांना 'स्ट्रेट एज' हे नाव पडलं. ज्यासाठी त्यांना झगडावं लागलं ते आम्हाला कायद्यानेच मिळालं आहे. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आमचा प्रत्येक गिग सर्व वयांचा. अकरावीतली मुलगी आणि तिचा मामा एकाच दारातून आत येतात. हा आपला मोठा ठेवा आहे, आणि आम्ही तो कधी नीट वापरलाच नाही.

कारण दारू नसली की मुली आपोआप पुढे येतात असं तिथेही झालं नाही. 'चॉक सर्कल' हा वॉशिंग्टनमधला फक्त मुलींचा पहिला पंक बँड 1981 मध्येच उभा राहिला, पण त्या वर्तुळात त्याला बरोबरीची जागा मिळाली नाही. 'मायनर थ्रेट'च्या एका गाण्यात तीन गोष्टी न करण्याची घोषणा होती: सिगरेट, दारू आणि तिसरी म्हणजे शरीरसंबंध. मॅकायचा रोख बाईला जिंकण्याची वस्तू समजणाऱ्या वृत्तीवर होता. हे सर्वांसाठी नियम नाहीत, असा खुलासा 1983 च्या ध्वनिमुद्रणात मुद्दाम बोलून घातला गेला. पण ऐकणाऱ्या अनेक मुलांनी त्यातून घेतलं ते एवढंच, की मुली म्हणजे मोह. पुढे न्यूयॉर्ककडच्या बँडांनी 'क्रू' (टोळी) आणि बंधुभावाची भाषा वाढवली. त्या बंधुभावात बहिणींचं काय, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

न्यूयॉर्कचा एक धागा तर थेट आपल्याकडचा. 'क्रो-मॅग्ज' या बँडच्या 1986 च्या अल्बमच्या नावाचा अर्थ आहे 'कलहाचं युग', म्हणजे आपलं कलियुग. ईस्ट व्हिलेजमधल्या ज्या झाडाखाली 1966 मध्ये 'इस्कॉन'च्या प्रभुपादांनी कीर्तन केलं, त्याच परिसरात वीस वर्षांनी ही मुलं वाढत होती. त्यातून 'कृष्णाकोर' नावाची शाखाच निघाली. संयम, शाकाहार, जप, सगळं आलं. त्याबरोबर स्त्रीबद्दलची जुनी भीतीही आली. तरी '108' या त्यातल्या महत्त्वाच्या बँडमध्ये केट रेडी गिटार वाजवत होती.

बायका बँडमध्ये आल्या म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. किरा रोसलर 1983 ते 1985 'ब्लॅक फ्लॅग'ची बेसिस्ट होती. त्याच काळात, 1984 मध्ये, त्या बँडच्या एका अल्बमवर बायकांबद्दलच्या भाषेमुळे कडक टीका झाली, आणि त्या रेकॉर्डवर बेस किराचाच आहे. मी तो ऐकते तेव्हा तिच्या बोटांची ताकद ऐकू येते आणि तिच्या वरून जाणारे शब्दही.

यावर पहिला ठोस उतारा वॉशिंग्टनमध्येच निघाला. 1985 च्या उन्हाळ्याला तिथले लोक 'क्रांतीचा उन्हाळा' म्हणतात. 'डिस्कॉर्ड'शी जोडलेल्या एमी पिकरिंगने निनावी चिठ्ठ्या धाडून मित्रमंडळींना सावध केलं, आणि मारामारीला कंटाळलेल्यांनी नवे बँड काढले. एमी पुढे 'फायर पार्टी' या चार मुलींच्या बँडची गायिका झाली. मॅकायच्या 'फुगाझी'ने 1988 च्या पहिल्या रेकॉर्डवर रस्त्यात छेड काढल्या जाणाऱ्या बाईच्या तोंडचं गाणं घातलं, 'सजेशन'. एमीच्या अनुभवावरून ते सुचलं होतं आणि मंचावर कधी कधी तीच ते गायची. पुरुषाने ते का गावं, हा प्रश्न उठला आणि तो उठणं योग्यच होतं. पण 'फुगाझी'ची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिकीट शक्यतो पाच डॉलर. समोर कुणी धक्काबुक्की करू लागला तर गाणं थांबवायचे, त्याला नाव-गाव विचारल्यासारखं शांतपणे समजावायचे, आणि नाहीच ऐकलं तर त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून परत देऊन बाहेर काढायचे. नियम मंचावरून, सगळ्यांसमोर, दिव्यात पाळला जायचा.

मग 1991. वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिम्पिया हे कॉलेजचं गाव आणि राजधानी वॉशिंग्टन, या दोन टोकांच्या मुलींनी एकमेकींना गाठलं. 'बिकिनी किल' हा बँड आदल्या वर्षी सुरू झाला होता. कॅथलीन हॅना गायची, टोबी व्हेल ड्रम वाजवायची. 'ब्रॅटमोबिल' हा दुसरा बँड होता. त्या उन्हाळ्यात राजधानीशेजारच्या आर्लिंग्टनमध्ये फक्त मुलींच्या बैठका भरू लागल्या. बलात्कार, घरातली मारहाण, शरीराची लाज, जे कधी मोठ्याने बोललं नव्हतं ते तिथे बोललं गेलं. 'रायट ग्रर्ल' हे नाव तेव्हाचं. फोटोकॉपी करून, हाताने टाचून काढलेली झीन, म्हणजे घरगुती छोटी मासिकं, टपालाने गावोगाव जायची. आपल्या साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांची आठवण यावी असाच तो खटाटोप, फक्त आपल्या त्या चळवळीत मुली किती होत्या हे बोटांवर मोजता येतं.

या काळातली सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त वाद ओढवून घेणारी कृती म्हणजे हॅनाची मंचावरून दिलेली हाक: मुलींनो, पुढे या. मुलांनी मागे व्हायचं. गाण्यांचे शब्द छापलेले कागद पुढच्या मुलींना वाटायचे. यात दोन कामं एकदम व्हायची. ज्यांना आजवर फक्त पाठी दिसत होत्या त्यांना मंच दिसायचा, आणि हॅनावर धावून येणाऱ्या, वस्तू फेकणाऱ्या पुरुषांच्या आणि तिच्यामध्ये मुलींची एक रांग उभी राहायची. पुष्कळ मुलं चिडली. हा भेदभाव आहे म्हणाली. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पाच-दहा वर्षं ती जागा त्यांनी न मागता घेतली होती, तेव्हा तिला कुणी भेदभाव म्हटलं नव्हतं.

चळवळीतही खोट होती. ती प्रामुख्याने गोऱ्या, शिकलेल्या मुलींची होती. न्यू जर्सीची रामदाशा बिकसीम ही कृष्णवर्णीय शाळकरी मुलगी 'गंक' नावाचं झीन काढायची. तिने हे तेव्हाच लिहून दाखवलं. सॅन फ्रान्सिस्को खाडी परिसरातल्या 'स्पिटबॉय' या चार बायकांच्या हार्डकोर बँडने आपल्याला 'रायट ग्रर्ल' म्हणू नका असं जाहीर सांगितलं.

आणि 1993. 7 जुलैच्या पहाटे सिॲटलमध्ये 'द गिट्स' या बँडची गायिका मिया झपाटा मैत्रिणीकडून घरी निघाली असताना तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. ती 27 वर्षांची होती. पोलिसांना दहा वर्षं कुणी सापडलं नाही. तिच्या मित्रमैत्रिणींनी बँडांचे कार्यक्रम करून पैसा उभा केला, खासगी तपासनीस नेमला, आणि 'होम अलाइव्ह' नावाची संस्था काढून स्वसंरक्षणाचे वर्ग सुरू केले. 2003 मध्ये डीएनएवरून माणूस पकडला गेला, पुढच्या वर्षी त्याला शिक्षा झाली. हार्डकोरवाले सारखं 'आपला समाज, आपलं कुटुंब' म्हणतात. त्या शब्दाला काय अर्थ असू शकतो ते मला या दहा वर्षांत दिसतं.

ऑलिम्पियातूनच पुढे 'ग्लॉस' हा बँड निघाला, ट्रान्स स्त्रियांचा आवाज पुढे ठेवणारा. 2016 मध्ये एका मोठ्या कंपनीचा 50,000 डॉलरचा करार त्यांनी नाकारला आणि त्याच वर्षी बँड थांबवला.

भारतात हार्डकोर उशिरा आलं आणि मेटलच्या गर्दीत मिसळून आलं. मुंबईत 2005 मध्ये सुरू झालेल्या 'स्क्राइब' या बँडने पावभाजीवर गाणं केलं, तेव्हा आमच्यासारख्यांना हे संगीत घरचं वाटू लागलं. मुलींच्या वाट्याला काय येतं हे मात्र काश्मीरच्या 'प्रगाश' या बँडने दाखवून दिलं. शाळेत शिकणाऱ्या तीन मुली. डिसेंबर 2012 मध्ये श्रीनगरच्या स्पर्धेत वाजवल्या, त्यावर धमक्या आल्या, ग्रँड मुफ्तींनी फतवा काढला, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये त्यांनी वाजवणं सोडलं. दोन महिने, बस.

बडोद्याकडे यातलं काहीच नाही असं कुणी म्हटलं तर मी हिराबाईंचं नाव घेईन. हिराबाई बडोदेकर. आडनावच या गावाचं, आई ताराबाई माने इथल्या. बाईचं गाणं कोठीवर किंवा सरदारांच्या बैठकीत ऐकायचं, अशा काळात तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या त्या पहिल्या गायिका मानल्या जातात. तिकीट म्हणजे ऐकणाऱ्याने गाण्याचे पैसे द्यायचे आणि आपल्या खुर्चीत बसायचं. पाच डॉलरचं पाकीट वाचलं की मला त्या आठवतात.

आणि गरबा. तोही गोल, आणि सर्कल पिट, म्हणजे आमच्या गिगमधलं ते गोल पळणं, तेही गोल. मांडवीजवळ घडियाळी पोळात अंबामातेच्या देवळात अजूनही फक्त पुरुष गरबा खेळतात, बायका ओट्यावर बसून गातात. म्हणजे हा गोलही सुरुवातीपासून सगळीकडे बायकांचा नव्हता. आज मैदानावर हजारो मुली मध्यरात्रीपर्यंत अनवाणी नाचतात त्याची कारणं अगदी साधी आहेत: लख्ख दिवे, ओळखीच्या मावश्या-वहिन्या, सगळ्यांना ठाऊक असलेली पावलं, आणि कुणी आगाऊपणा केला तर गाणं थांबवू शकणारा गायक. अर्थात त्याच मावश्या दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारतात, कुणाबरोबर नाचत होतीस. ती नजर आम्हाला तळघरात नको आहे. दिवे मात्र हवेत.

पुढचा गिग जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आहे. दाराशी बॅगांसाठी टेबल असेल, देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखे नंबर घातलेले पुठ्ठ्याचे बिल्ले मिळतील. मधला दिवा पूर्ण वेळ चालू राहील. पहिलं गाणं सुरू होण्याआधी कोण बोलणार आणि कुणी हात लावला तर गाणं कोण थांबवणार, हे चारही बँडना साउंडचेकच्या वेळी सांगितलं जाईल. टेबलावर बसायला दोन मुलगे तयार झाले आहेत. त्यातल्या एकाचा तो चष्मा होता.