शेकरमधली गर्दी

दादरपासून दहिसरपर्यंत कोणत्याही जिममध्ये संध्याकाळी आठच्या सुमारास डोकावले, तर व्यायाम आटोपलेल्या मंडळींच्या हातात प्लास्टिकचा शेकर हमखास दिसतो. त्यात व्हे या दुधातून मिळणाऱ्या प्रोटीनचा एक स्कूप असतो, स्नायूंना झटपट ऊर्जा मिळण्यास मदत करणाऱ्या क्रिएटिनचा छोटा चमचा असतो, कोणी बीसीएए घालतो, कोणी ग्लुटामिन, आणि ट्रेनरने सांगितले म्हणून एखादे केळेही त्यात जाते. इतक्या पावडरी एकत्र केल्यावर त्या एकमेकींचा गुण मारतात का, असे मग साहजिकच विचारले जाते. पाच-दहा मिनिटांत पिऊन टाकायच्या पेयात या पदार्थांचे आपसात जवळजवळ काहीच घडत नाही. खरा प्रश्न उरतो तो प्रत्येक पदार्थाची गरज किती, तो पाण्यात किती वेळ राहिला आणि त्याच्या जोडीने पोटात आणखी काय गेले, याचा.

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेले २० टक्के व्हे. चीज करताना मागे राहणारे हिरवट-पिवळे पाणी गाळून आणि सुकवून व्हेची पावडर तयार होते. (पनीरचे पाणी पिऊन तोच लाभ होईल अशी आशा बाळगू नये, दूध उकळून नासवताना व्हेतील बरीच प्रथिने पनीरमध्येच अडकतात.) केसीन जठरातील आम्लात साकळते आणि सावकाश पचते, व्हे मात्र पातळच राहून लवकर आतड्यात उतरते. व्हेमध्ये ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, साधारण १० टक्के असते, म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनांतून सुमारे अडीच ग्रॅम ल्युसिन मिळते, आणि स्नायूंमध्ये नवी प्रथिने बांधण्याची प्रक्रिया सुरू करण्यास बहुतेक तरुण प्रौढांना तेवढे पुरते. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले. ती व्हेमध्ये आधीपासूनच भरपूर असतात, त्यामुळे व्हेच्या शेकमध्ये वेगळी बीसीएए पावडर घालणे हा निव्वळ खर्च आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत ग्लुटामिन या आणखी एका अमिनो आम्लाबद्दलही याहून वेगळे म्हणता येत नाही.

क्रिएटिनची गोष्ट अधिक रंजक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरूल यांनी १८३२ मध्ये ते मांसाच्या अर्कातून वेगळे केले. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंमध्ये त्याचा साठा मुळात कमी असतो, म्हणून शाकाहारी व्यक्तींमध्ये पूरक क्रिएटिनने या साठ्यात होणारी वाढ बऱ्याचदा ठळक दिसते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही: २० अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात जेमतेम १३-१४ ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम टाकले, तर निम्म्याच्या आसपास विरघळते आणि बाकीचे पांढऱ्या वाळूसारखे तळाशी बसते. शेक पिऊन झाल्यावर दातांखाली कचकचते ते हेच, आणि शेकर बेसिनमध्ये विसळला की महागडा डोस गटारात जातो. त्याऐवजी थोडे पाणी घालून, हलवून तेही पिऊन टाकावे. न विरघळलेले कण पोटात गेल्यावर यथावकाश विरघळतात.

कोरडे क्रिएटिन बराच काळ टिकते, पाण्यात मात्र त्याचे हळूहळू क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य बनू लागते आणि पेय आंबट असेल तर हा वेग वाढतो. लिंबू सरबतात कालवून लगेच प्यायल्यास काही बिघडत नाही. तेच सरबत बाटलीत दोन-तीन दिवस ठेवले तर नुकसान होते. स्नायूंतील साठा रोजच्या ३ ते ५ ग्रॅमने काही आठवड्यांत भरत असल्यामुळे ते व्यायामानंतर घेतले की न्याहरीबरोबर, याने विशेष फरक पडत नाही.

मुंबईत खरी काळजी घ्यायची ती जंतूंची. दुधात घुसळलेला शेक हा जंतूंसाठी उत्तम खुराक आहे. नाशवंत पदार्थ दोन तासांहून अधिक काळ फ्रिजबाहेर ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक नको, असा अन्नसुरक्षेचा संकेत आहे. सकाळी घरी तयार करून बॅगेत टाकलेला, विरार लोकलच्या गर्दीत उबलेला आणि ऑफिस सुटल्यावर जिममध्ये उघडलेला शेक या हिशेबात कुठेच बसत नाही. त्यापेक्षा पावडर कोरडी न्यावी. पिण्याच्या वेळी आधी पाणी ओतावे आणि मग पावडर टाकावी, म्हणजे तळाच्या कोपऱ्यात गुठळ्या धरत नाहीत. पावसाळ्यात डब्यात ओला चमचा घातला, तर महिन्याभरात पावडरीचा दगड होतो, हे वेगळे सांगायला नकोच.

आता डब्यावरील आकड्यांकडे वळू. अन्नातील प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकसित केली. तीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला साधारण ६.२५ ने गुणून प्रथिनांचे प्रमाण काढले जाते. हा नायट्रोजन कुठून आला, हे त्या पद्धतीला कळत नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेटमध्ये सुमारे २८ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे पावडरीत त्याचे अवघे ३ ग्रॅम मिसळले तरी हिशेबात ५ ग्रॅमहून अधिक 'प्रथिने' वाढतात. स्वस्त ग्लायसिन आणि टॉरिन या नायट्रोजनयुक्त पदार्थांनीही हीच किमया साधता येते. केरळमधील संशोधकांनी २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे ७० टक्के नमुन्यांत लेबलवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. सगळे काही एकाच डब्यात देणाऱ्या मिश्रणांपेक्षा व्हे वेगळे आणि क्रिएटिन वेगळे घेऊन शेकरमध्ये स्वतः एकत्र करणे मला म्हणूनच अधिक शहाणपणाचे वाटते, कारण निदान काय किती घेतले याचा अंदाज राहतो.

शेकबरोबर गोळ्या गिळण्याची सवय मात्र घातक ठरू शकते. दुधातील कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके कॅल्शियमला बांधली जातात आणि रक्तात कमी उतरतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असल्याने पहाटे जिमला जाणाऱ्यांनी तिच्यात आणि शेकमध्ये किती अंतर ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर यातील कोणताही डबा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उघडू नये.

ज्यांची मूत्रपिंडे ठणठणीत आहेत, त्यांनाही रक्ततपासणीच्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात; क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात ते थोडे वाढलेले दिसू शकते आणि अहवाल पाहून घरात घबराट उडते. क्रिएटिन चालू असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगितले, तर गरजेनुसार ते सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाचीच दुसरी चाचणी करायला सांगू शकतात. तिच्यावर क्रिएटिनच्या सेवनाचा परिणाम होत नाही.