बॉक्स फाईलची क्लिप : लिव्हर न उचलता कमानी ओढू नयेत

आमच्याकडे बदलून मागितल्या जाणाऱ्या बॉक्स फाईलींची तक्रार बहुधा एकच असते : क्लिपच्या वाकवलेल्या तारेच्या कमानी जुळत नाहीत आणि पाने उलटताना कागद भोकापाशी फाटतो. अशी फाईल आली की कमानीचे टोक आणि खुंटी, म्हणजे कागद ओवायची उभी दांडी, जिथे एकमेकांना टेकतात, त्या सांध्यावरून आम्ही आधी नख फिरवतो. धड क्लिपवर नख सहज सरकते; बिघडलेल्या क्लिपवर ते एका बारीक पायरीवर अडते. ही पायरी अर्ध्या मिलिमीटरची असली तरी कागदाच्या भोकाची कड तिथेच अडकते आणि घाईत पाने चाळणाऱ्याचे बोटही तिथेच कापते.

ही पायरी बहुतेक वेळा एकाच सवयीतून तयार होते. एखादेच बिल लावायचे असते, लिव्हर उचलण्यासाठी फाईल टेबलावर आडवी ठेवण्याचा कंटाळा येतो, आणि मग बंद कमान बोटांनी बाजूला ओढून कागद सरकवला जातो. दोन्ही कमानी एकाच तारेतून वाकवलेल्या असल्यामुळे एक ओढली की तारेला पीळ बसतो आणि दुसरीही जागा सोडते. लिव्हर उचलल्यावर मात्र दोन्ही कमानी स्प्रिंगच्या जोराने एकदम उघडतात आणि लिव्हर दाबल्यावर एकदम टेकतात, त्यामुळे तारेवर आडवा ताण येत नाही. पिळलेली तार पक्कडीने सरळ करून दिली तरी सांधा पूर्वीसारखा बसत नाही, हे आम्ही अनेकदा करून पाहिले आहे. म्हणून तशी दुरुस्ती आम्ही आता स्वीकारत नाही.

फाईल गच्च भरल्यावर हा मोह अधिक होतो. ७५ जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ५०० कागदांची थप्पी पाच सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि तिचे वजन सव्वादोन किलोंच्या वर भरते. तीन इंची पाठीच्या फाईलीत आणखी कागद बसतात हे खरे. पण पाने कमानीवरून सरकायला मोकळी जागा लागते आणि पिना मारलेली बिले थप्पी फुगवतात, म्हणून ५०० कागदांवर थांबून दुसरी फाईल सुरू करावी, असे आम्ही सांगतो. फाईल जास्त खपावी म्हणून हे सांगतो, असा काही ग्राहकांचा समज होतो. परंतु क्लिप बदलून देण्यात आमचाही वेळ जातोच.

भोकांविषयी थोडेसे. आयएसओ ८३८ या मानकानुसार दोन भोकांच्या केंद्रांमधील अंतर ८० मिलिमीटर असते आणि आमच्या खुंट्या त्याच अंतरावर आहेत. टॅगच्या फाईलीतून काढलेल्या कागदांना कोपऱ्यात एकच भोक असते; दुसरे अंदाजाने न पाडता दोन्ही भोके पंचने नव्याने पाडावीत.

आमचा लिव्हर इतरांपेक्षा कडक आहे, असेही ऐकू येते. तो मुद्दाम तसा ठेवला आहे, कारण सैल लिव्हरची भरलेली फाईल कपाटातून ओढताना उघडली की सगळे कागद जमिनीवर येतात. बोटाला रुतू नये म्हणून लिव्हरची कड आम्ही आत वळवतो, आणि पत्रा कापल्यावर कडेला उरणारी धार, जिला कारखान्यात बर म्हणतात, निकेल चढवण्यापूर्वीच काढून टाकतो. डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, झिजू लागली की ही बर वाढते, म्हणून डायला वेळच्या वेळी धार लावून घ्यावी लागते. आमच्या क्लिपच्या किमतीत हा खर्च धरलेला आहे. लिव्हर उचलताना दुसऱ्या हाताची बोटे कमानींपासून दूर ठेवावीत. पाठीवर बोट घालण्यासाठी भोक ठेवण्याची पद्धत स्टुटगार्टच्या लुई लाइट्झ यांच्या कारखान्याने १९११ मध्ये आणली. आमच्या फाईलीलाही ते भोक धातूच्या कड्यासह आहे. कपाटातून फाईल त्यातच बोट घालून काढावी, वरची कड धरून ओढू नये.

पुठ्ठा चांगला असेल तर पूर्ण फाईल टाकून देण्याची गरज नाही. क्लिप आम्ही सुटी विकतो आणि जुने रिव्हेट काढून त्याच जागी बसवूनही देतो. मात्र फाईल आणताना कागद काढून आणावेत.