परसबागेतील शैवाक (मराठवाडा)

कवक आणि शैवल यांनी एकत्र मांडलेला संसार म्हणजे शैवाक. कवक (बुरशी) घर बांधते, आतले हिरवे शैवल किंवा नील-हरित जीवाणू सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, आणि दोघे मिळून जे रूप घेतात ते एकेकट्याला साधत नाही. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने १८६७ मध्ये हे दुहेरीपण मांडले, तेव्हा शैवाकांच्या तत्कालीन जाणकारांनीच त्याला कडाडून विरोध केला. २०१६ मध्ये अनेक शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टही राहते असे आढळले.

बोलीभाषेत ‘दगडफूल’ म्हटले की डोळ्यांसमोर काळ्या मसाल्याचा डबा येतो. किराणा दुकानातल्या पुडीत एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने राखाडी असे कुरकुरीत तुकडे असतात. कोरडे असताना त्यांना विशेष वास नसतो. तेलात परतले की मातकट, लाकडी सुगंध सुटतो. यात मुख्यतः पार्मोट्रेमा नावाचे शैवाक व त्याच्या जवळच्या जाती असतात. त्या हिमालयातून व दक्षिणेकडच्या डोंगरांतून येतात, आणि नावात दगड असला तरी पुष्कळदा झाडांच्या सालीवरून काढलेल्या असतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत एवढे मोठे पानासारखे शैवाक क्वचितच वाढते. आपल्या अंगणात दिसते ते बहुतेक पापुद्र्यासारखे, पृष्ठभागाला घट्ट चिकटलेले असते. ते खरवडून मसाल्यात घालण्याचा उद्योग करू नये. ते नीट सुटत नाही, आणि काही जातींतील आम्ले विषारी असतात.

शैवाक म्हणजे शेवाळ नव्हे. न्हाणीच्या दगडावर, आडाच्या काठावर पाय घसरतो तो शेवाळाने, आणि त्याला सतत ओल लागते. शैवाक मात्र कोरडे राहू शकते, आणि येथे त्याचे खरे बळ तेच आहे. वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आगेमागे पाऊस, तोही लहरी, आणि मे महिन्यात ४० अंशांच्या वरचे ऊन, अशा प्रदेशात ते अंगातले जवळजवळ सगळे पाणी सोडून देते आणि श्वसन व प्रकाशसंश्लेषण थांबवून पडून राहते. पाणी मिळाले की काही मिनिटांत कामाला लागते. हे घरी पाहता येते. उन्हाळ्यात आंब्याच्या बुंध्यावरच्या राखाडी चट्ट्यावर तांब्यातले चार थेंब टाकावेत. वरचा थर ओला होऊन पारदर्शक होतो, आतले शैवल दिसू लागते आणि चट्टा हिरवट होतो. हिरवे शैवल असलेल्या जातींना पावसाचीही गरज नसते, दमट हवा व हिवाळ्यातले दहिवर पुरते. पहाटे ओले व्हायचे, ऊन चढेपर्यंत जमेल तेवढे अन्न तयार करायचे आणि पुन्हा मिटून जायचे, हा त्यांचा दिनक्रम. नील-हरित जीवाणू असलेल्यांना मात्र प्रत्यक्ष पाणीच लागते. एवढ्या थोड्या वेळाच्या कमाईवर वाढ ती किती होणार? पापुद्र्यासारखी शैवाके वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर पसरतात, काही तर त्याहूनही कमी. रुपयाएवढा ठिपका दिसला तर तो घरातल्या शाळकरी मुलापेक्षा वयाने मोठा असू शकतो.

परसबागेत त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. आंब्याच्या सावलीकडच्या बाजूला पिक्सीन कोकोएसचे चपटे, राखाडी गुच्छ दिसतात. गुळगुळीत सालीवर ग्राफिसच्या जातींच्या बारीक काळ्या रेघा उमटतात, कोणी मोडीत काही खरडून ठेवल्यासारख्या. पेरूची साल सोलून पडते, त्यामुळे तेथे शैवाक टिकत नाही, निलगिरीचेही तेच. वाड्याच्या भिंतीतल्या चुन्याच्या सांध्यांवर नारिंगी ठिपके असतात ते बहुधा कॅलोप्लाका या शैवाकाचे. कोपऱ्यात पडलेले जाते, फुटके उखळ, बेसाल्टचे जोते या त्यांच्या हक्काच्या जागा. काळ्या मातीत मात्र ती बसत नाहीत, कारण ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वर्षातून अनेकदा खुरपली जाते.

बागेतला त्यांचा वाटा फुगवून सांगण्यात अर्थ नाही. नील-हरित जीवाणू असलेली शैवाके हवेतला नत्र स्थिर करतात खरी, पण घरच्या वाफ्याला एक पाटी शेणखत त्याहून कितीतरी जास्त देते. दगडाच्या कणांत कवकाचे धागे शिरतात, ऑक्झॅलिक आम्ल सुटते आणि दगड हळूहळू झिजतो. लेणी व किल्ल्यांच्या जतनात हीच डोकेदुखी असते. परसबागेत मोलाची आहेत ती त्यांच्या आडोशाने राहणारी सूक्ष्म जनावरे: माइट, सालीवरचे बारीक किडे, गोगलगायी. त्यांच्यामागे कोळी आणि पक्षी येतात. जांभळा शिंजीर आपल्या लोंबत्या घरट्याला कोळ्याच्या जाळ्याने सालीचे तुकडे व शैवाकाचे कपटे चिकटवतो. छोटा निखार तर वाटीसारखे घरटे बाहेरून असे लिंपतो की ते फांदीची गाठच वाटते.

हवेची परीक्षाही शैवाक करते. मुळे नसल्यामुळे ते हवेतून व पावसातून मिळेल ते शोषून घेते, विषासकट. १८६६ मध्ये शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडरने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाके पाहून शहराच्या हवेचा निष्कर्ष काढला होता. श्वेंडेनरच्या कट्टर विरोधकांत हाच गृहस्थ होता. भारतातील संशोधकांनी हवेतले जड धातू मोजण्यासाठी पिक्सीन कोकोएस वापरले आहे. गंधकाच्या धुराला ते त्यामानाने सोशिक, नाजूक जाती आधी नाहीशा होतात. म्हणून रस्त्याकडेच्या आंब्यावर एकच जात उरली असेल तर ती हवा चांगली असल्याची खूण मानता येत नाही.

शैवाकामुळे झाड वाळते हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. शैवाक सालीच्या वरच्या मेलेल्या थरावर राहते, झाडाचा रस घेत नाही. होते असे की झाड आधीच खंगलेले असते, पाने विरळ होतात, फांद्यांवर प्रकाश पडतो आणि शैवाक पसरते. दोष मग त्याच्या माथी येतो. आंब्याच्या पानांवरचे तांबूस, मखमली ठिपके मात्र वेगळे. ते सेफॅल्युरोस या परजीवी शैवलाचे असतात आणि ते फार पसरले तर उपाय करावा लागतो. मोसंबी-लिंबाच्या बुंध्याला डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावतात. त्यातल्या तांब्याने तेथले शैवाकही मरते. डिंक्याचा धोका असेल तेथे पेस्ट लावावी, निव्वळ चट्टे घालवण्यासाठी जुन्या चिंचेला किंवा कडुनिंबाला लावू नये.

शैवाक आणून लावता येत नाही, असलेले राखता येते. तारेच्या ब्रशने घासू नये, चुना फासू नये. जुने जाते किंवा धोंडा हलवायचा झाल्यास वरची बाजू वरच ठेवावी आणि सावलीतला दगड भर उन्हात टाकू नये. दिशा बदलली की काही वर्षांत जुने ठिपके पांढुरके होऊन सुटू लागतात.