स्टिरिओ आवाज मेमरीत कसा मांडतात?

ऑडिओ सीडीवरील संगीतात प्रत्येक चॅनलच्या ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. असे प्रत्येक मोजमाप, म्हणजे सॅम्पल, १६ बिटांचे असते आणि २ बाइट जागा घेते. डावा आणि उजवा असे दोन चॅनल धरले, तर एका सेकंदाच्या संगीताला १,७६,४०० बाइट लागतात. जागेचा हिशेब इतका सरळ असला तरी क्रमाचा प्रश्न उरतोच, कारण संगणकाची मेमरी ही पत्त्यांची एकच लांब रांग असते, तर स्टिरिओ आवाजाला काळ आणि चॅनल अशा दोन दिशा असतात.

वेव्ह (डब्ल्यूएव्ही) या ध्वनिफाइलमध्ये आणि बहुतेक साउंड कार्डांकडे जाणाऱ्या प्रवाहात काळाला अग्रक्रम दिलेला असतो. एका क्षणाचे डावे सॅम्पल, लगेच त्याच क्षणाचे उजवे, मग पुढच्या क्षणाचे डावे, अशी ही गुंफलेली, म्हणजेच इंटरलीव्ह्ड, मांडणी असते. एका क्षणाच्या सर्व सॅम्पलांच्या गटाला फ्रेम म्हणतात. शून्यापासून मोजले तर १,००० क्रमांकाची फ्रेम ४,००० व्या बाइटपासून सुरू होते आणि तिचे उजवे सॅम्पल ४,००२ व्या बाइटवर सापडते. आवाज वाजवायचा असेल तर हीच मांडणी सोयीची पडते, कारण दोन्ही स्पीकरना हवे असलेले आकडे एकाच वेळी हाती येतात आणि फाइलचा पुढचा भाग अजून पोहोचलेला नसला तरी आलेला भाग वाजवता येतो. फिलिप्स कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या आय-टू-एस या, चिपांमध्ये आवाज वाहून नेणाऱ्या जोडणीतही डावे आणि उजवे सॅम्पल एकाच तारेवरून आळीपाळीने जाते.

आवाजावर प्रक्रिया करायची असेल, तर मात्र प्लेनर मांडणी उपयोगी ठरते. तिच्यात बफरमधील, म्हणजे सॅम्पल तात्पुरती ठेवण्याच्या मेमरीतील तुकड्यातील, सगळी डावी सॅम्पल आधी आणि सगळी उजवी नंतर येतात, किंवा प्रत्येक चॅनलला स्वतंत्र बफर मिळतो. वरचाच एक सेकंद एका बफरमध्ये असा ठेवला, तर तेच उजवे सॅम्पल ९०,२०० व्या बाइटवर जाते. केवळ डाव्या चॅनलला फिल्टर लावताना प्रोसेसरला शेजारशेजारचे आकडे सलग उचलता येतात. प्रोसेसरच्या आतल्या २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे हिशेबाच्या छोट्या कप्प्यात, प्रक्रियेसाठी ३२ बिटांची केलेली आठ सॅम्पल एकदम बसतात आणि एकाच आज्ञेने आठांचा गुणाकार होतो. ब्राउझरमधील वेब ऑडिओ ही आवाजाची सुविधा किंवा स्टुडिओतील व्हीएसटी प्लगिन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम, चॅनल वेगवेगळे ठेवतात, ते याच कारणाने. एक मांडणी श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे मानण्यात अर्थ नाही. वाहून नेताना गुंफण आणि गणित करताना विलगीकरण, ही विभागणी मला सर्वांत समंजस वाटते.

आपण कोणत्या क्रमाने बसलो आहोत हे त्या आकड्यांना स्वतःला सांगता येत नाही. दोन्ही चॅनलमध्ये जवळजवळ सारखेच गाणे असेल आणि गुंफलेली स्टिरिओ सॅम्पल कुणी मोनो समजून त्याच दराने वाजवली, तर गाणे निम्म्या वेगाने आणि एक सप्तक खाली ऐकू येते. उलट, २५६ फ्रेमांचा प्लेनर बफर गुंफलेला समजून वाजवला, तर स्वर सप्तकभर वर चढतो आणि प्रत्येक तुकडा, आधी डाव्या चॅनलचा व मग उजव्याचा, असा दोनदा दुप्पट वेगाने उमटतो. वाचन एकाच बाइटने सरकले, तर एका सॅम्पलचा अर्धा भाग दुसऱ्याच्या अर्ध्याला चिकटतो आणि संगीताच्या जागी कर्कश खरखर येते.

चॅनल वाढले की क्रमाचा गुंता आणखी वाढतो. ५.१ आवाजात, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा सहा चॅनलच्या आवाजात, वेव्ह फाइलचा प्रचलित क्रम पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा असा आहे, तर एएसी या संकुचित ध्वनिस्वरूपामध्ये मधला चॅनल सर्वांत आधी येतो. ते उलगडणाऱ्या डीकोडरने हा क्रम बदलून दिला नाही, तर चित्रपटातील संवाद, जे बहुधा मधल्या चॅनलमध्ये असतात, डाव्या स्पीकरमधून येऊ लागतात. म्हणूनच वेव्हच्या विस्तारित हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, ३२ बिटांचा चॅनल-मास्क ठेवलेला असतो. कोणता स्पीकर वापरात आहे हे त्यातील एकेका बिटावरून कळते आणि फाइलमधील चॅनल त्या बिटांच्याच क्रमाने येतात.