‘पावसाळा’ ओळखायला किती बिट लागतात?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत पाऊस आणि उसाचा दर या नेहमीच्या विषयांच्या जोडीला गेली काही वर्षे आणखी एक विषय असतो, तो म्हणजे आजचे ‘वर्डल’ कुणाला कितव्या प्रयत्नात सुटले. त्यांतले एक निवृत्त शिक्षक रोज ‘अ‍ॅड्यू’ (ए-डी-आय-ई-यू) याच इंग्रजी शब्दाने सुरुवात करतात, कारण त्याच्या पाच अक्षरांत चार स्वर आहेत आणि एकदा स्वर हाती लागले की शब्द हाती लागलाच, असे त्यांचे ठाम मत आहे. हे मत फार लोकप्रिय आहे. गणिताला मात्र ते मान्य नाही.

खेळ साधा आहे. पाच अक्षरांचा एक गुप्त इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. प्रत्येक प्रयत्नानंतर, अक्षर योग्य जागी असेल तर चौकोन हिरवा होतो, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळा आणि शब्दात नसेलच तर करडा. जॉश वॉर्डल या संगणक अभियंत्याने आपल्या जोडीदारासाठी तयार केलेला हा खेळ ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. मूळ खेळात उत्तरांची यादी 2,315 शब्दांची होती, तर प्रयत्न म्हणून चालणारे शब्द सुमारे तेरा हजार होते.

या दोन याद्यांतला फरक महत्त्वाचा आहे, कारण आपण टाकलेला शब्द हे उत्तर असावे लागत नाही. तो उत्तराच्या यादीला विचारलेला एक प्रश्न असतो. पाच चौकोन आणि प्रत्येकी तीन रंग, म्हणजे कागदावर 243 रंगरचना होतात. त्यांपैकी चार हिरवे आणि एक पिवळा ही रचना कधीच येऊ शकत नाही (का, ते वाचकांनी स्वतःच ताडून पाहावे), त्यामुळे 238 उरतात. प्रत्येक रचना म्हणजे एक गठ्ठा, आणि आपला शब्द 2,315 शब्दांची या गठ्ठ्यांत वाटणी करतो. सगळी यादी दोनचार मोठ्या गठ्ठ्यांत पडली तर प्रश्न वाया गेला. ती पुष्कळ लहान लहान गठ्ठ्यांत विखुरली तर प्रश्न चांगला.

ही विखुरणी मोजण्याचे माप गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 साली दिले. शक्यता निम्म्यावर आल्या की एक बिट माहिती मिळाली, पुन्हा निम्म्यावर आल्या की दुसरा बिट. 2,315 शब्दांतून एक निवडायला सुमारे 11.2 बिट लागतात. एखाद्या शब्दाकडून सरासरी किती बिट मिळतील हे काढायचे असेल, तर प्रत्येक रंगरचनेची संभाव्यता घ्यायची, तिच्या व्यस्ताचा दोन पायावरचा लॉगॅरिदम काढायचा, त्याला त्याच संभाव्यतेने गुणायचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करायची. ज्यांचे डोके येथे गरगरले त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की ज्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगणे सर्वांत कठीण, तो प्रश्न सर्वांत मोलाचा. शंभरांत पन्नास वेळा ‘हो’ येणारा प्रश्न एक पूर्ण बिट देतो. शंभरांत एकदाच ‘हो’ येणारा प्रश्न सरासरी जेमतेम 0.08 बिट देतो.

हे एका उदाहरणाने जवळून पाहू. शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी आहेत हे कळले आणि फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट असे सहा शब्द उरले, असे समजा. बहुतेक जण ते एकामागून एक टाकत बसतात. त्यात सरासरी साडेतीन प्रयत्न जातात आणि दैव फिरले तर सहा. त्याऐवजी ‘फिल्म्स’ हा शब्द टाकावा. तो उत्तर असणे शक्यच नाही. पण एफ हिरवा झाला तर फाइट, एल पिवळा झाला तर लाइट, एम पिवळा तर माइट, एस पिवळा तर साइट, आणि या चारांपैकी काहीच उजळले नाही तर नाइट किंवा राइट. सहा शब्दांचे पाच गठ्ठे झाले, सरासरी सव्वादोनच्याही खाली आली आणि तीनपेक्षा जास्त प्रयत्न कधीच लागत नाहीत. (मिळालेली अक्षरे पुढे वापरलीच पाहिजेत असा ‘हार्ड मोड’ लावणाऱ्यांना ही सोय नाही. तो त्यांचा स्वेच्छेचा उपवास आहे.)

मूळ यादीवर संगणकाने केलेला संपूर्ण हिशेब असे सांगतो की सुरुवातीचा सर्वोत्तम शब्द ‘सॅलेट’ हा आहे. हे एका जुन्या शिरस्त्राणाचे नाव आहे आणि पुढची प्रत्येक खेळी अचूक केली तर सरासरी 3.42 प्रयत्न लागतात. त्यात तीन व्यंजने आणि दोनच स्वर आहेत. स्वरांचे वजन कमी का, हे आपल्या गावाच्या नावावरूनच कळते: ‘ओ, आ, ऊ, अ’ एवढे सांगितले तर कुणाला काही बोध होणार नाही, पण ‘क, ल्ह, प, र’ म्हटले की लहान मूलसुद्धा कोल्हापूर म्हणेल. मोडी लिपीत तर इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलाच जात नसे, आणि तरीही त्या लिपीत शतकानुशतके दरबाराचे दप्तर चालले; जाणकार ते आजही वाचतात.

मध्यंतरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर राशीनुसार ‘शुभ’ पहिल्या शब्दांचा एक तक्ता आला होता. मटक्याच्या चार्टवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठीच तो केलेला असावा. पहिल्या शब्दाची किंमत उत्तरांच्या यादीवरून ठरते, आणि ती यादी मेषेला वेगळी व तुळेला वेगळी नसते. हा खेळ खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे छातीठोकपणे सांगणारे संदेशही त्याच मापाने मोजावेत.

आता मराठीकडे वळू, कारण माझा खरा जीव तेथे अडकला आहे. सुटीत भाचीबरोबर मी कागदावर चार अक्षरी मराठी शब्दांचा हाच खेळ मांडला. माझ्या मनात ‘पावसाळा’ होता. तिने ‘परवाना’ लिहिला. नियमाप्रमाणे मी चारही चौकोन करडे केले, कारण ‘प’ म्हणजे ‘पा’ नव्हे आणि ‘वा’ म्हणजे ‘व’ नव्हे. तिचा चेहरा पडला आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. इंग्रजीत एका चौकोनाला 26 पर्याय असतात. मराठीत चौतीस व्यंजनांना बाराखडीच्या बारा रूपांनी गुणले की जोडाक्षरे सोडूनच 408 होतात. त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर ‘सगळे करडे’ हेच येते, आणि जे येणार हे आधीच ठाऊक असते त्यातून माहिती मिळत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक चौकोन आडवा दुभागला: वर व्यंजनाचा रंग, खाली स्वराचा. आता त्याच ‘परवाना’ने व्यंजनांत हिरवा, करडा, पिवळा, करडा असे उत्तर दिले आणि स्वरांत करडा, हिरवा, हिरवा, हिरवा. प पहिला, व आहे पण तिसरा नाही, दुसरे अक्षर बिनमात्रेचे, तिसऱ्या-चौथ्याला काना. भाचीने पेन्सिलीचे टोक चावत अर्धा मिनिट विचार केला, खिडकीबाहेर कोसळणाऱ्या सरीकडे पाहिले आणि उत्तर लिहिले.

जोडाक्षरांचे शब्द आम्ही तूर्त वगळले आहेत. ‘ल्हा’मध्ये दोन व्यंजने आणि एक स्वर असल्याने चौकोनाचे तीन भाग करावे लागतील. भाचीने दुसऱ्याच दिवशी ‘रंकाळा’ हा तीन अक्षरी शब्द लपवून मला विचारले की मामा, अनुस्वाराला वेगळा रंग द्यायचा की नाही. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.